मिरगाआधी छत्री लावून घ्या: कोकणातल्या एचडी सिग्नलची बेगमी

डिश, म्हणजे आपली छत्री, नवीन लावायची असो, बदलायची असो की नुसती एका जागेवरून दुसरीकडे न्यायची असो, ते काम मिरग लागायच्या आत उरकून घ्या. एकदा पाऊस धरला की कौलांवर चढता येत नाही, चिऱ्याला शेवाळ धरतं, आणि सिग्नल दर मिनिटाला वर-खाली होत असताना छत्री नेमकी बसली की नाही हे कळायला मार्ग नसतो. मालवण तालुक्यात माझं टीव्ही आणि डिश दुरुस्तीचं दुकान आहे. वडील ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या अँटेना लावायचे, मी छत्र्या लावते. जुलैत येणारे बरेचसे फोन एकाच सुराचे असतात, "पाऊस इलो की टीव्ही जाता गो." जाऊन बघावं तर पावसाचा दोष थोडा आणि घाईत लावलेल्या छत्रीचा जास्त.

घाई म्हणजे काय, तर चित्र दिसलं की नट आवळून मोकळं होणं. जुन्या अँटेनाला ते चालून जायचं. सिग्नल कमी पडला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, पण बातम्या कळायच्या. डिजिटलमध्ये सिग्नल एका ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत चित्र लख्ख, आणि त्या पातळीच्या खाली जरासा घसरला की चौकोन-चौकोन, आवाज तुटक, मग 'नो सिग्नल'. मधली पायरीच नाही. त्यामुळे मे महिन्यातल्या कोरड्या हवेत लख्ख दिसणारं चित्र काठावर उभं आहे की काठापासून लांब, हे नुसतं बघून कळत नाही. घरात सुकी मासळी आणि सोलं भरून ठेवतो तशी सिग्नलचीही बेगमी करावी लागते. एचडीला लागतो त्यापेक्षा बराच जास्त सिग्नल उन्हाळ्यातच गाठीला हवा. खालचं सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

एचडीलाच हा त्रास जास्त का, तेही सांगते. साधं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, एचडी १९२० बाय १०८० चं. गुणाकार करून बघा, बरोबर पाचपट ठिपके होतात. एवढा ऐवज त्याच उपग्रहातून खाली आणायचा म्हणून चित्र एमपीईजी-४ मध्ये दाबतात आणि डीव्हीबी-एस२ नावाच्या पद्धतीने पाठवतात. जुन्या पद्धतीत लहरीच्या चार अवस्था असायच्या आणि प्रत्येक ठोक्याला दोन बिट जायचे. एचडीला बहुतेक ठिकाणी आठ अवस्था वापरतात, म्हणजे ठोक्याला तीन बिट. अवस्था जितक्या जवळजवळ तितका त्या ओळखायला सिग्नल स्वच्छ लागतो, साधारण दोन-अडीच डेसिबलने (डेसिबल हे सिग्नलचा जोर मोजायचं माप) जास्त. म्हणून एकाच छत्रीवर, एकाच सरीत साधं चॅनल चालू राहतं आणि एचडी आधी मान टाकतं. "बॉक्स खराब आसा" म्हणून बॉक्स बदलून घेणारे लोक मी पाहिलेत. बॉक्स ठणठणीत असतो.

बघायचं कुठे

हे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर पृथ्वीभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत होते आणि पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे खालून बघणाऱ्याला उपग्रह आभाळात खिळून बसल्यासारखा असतो आणि आपली छत्री एकदा लावली की फिरवावी लागत नाही. खिळलेला म्हटलं तरी तो चंद्र-सूर्याच्या ओढीने हळूहळू सरकतोच. मग इंधन जाळून त्याला जागेवर आणावं लागतं. आपल्या जीसॅट उपग्रहांसाठी ते काम कर्नाटकातल्या हासनच्या आणि भोपाळच्या नियंत्रण केंद्रातून चालतं.

डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. ३,१६४ किलोचा हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान-५ रॉकेटने गेला. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशावर आहेत. त्यातला जीसॅट-२४ कुरूहूनच जून २०२२ मध्ये सोडला. डीटूएच ८८ वर, डिश टीव्ही ९५ वर, एअरटेल १०८.२ वर.

मालवणातून बघाल तर फ्री डिशसाठी उत्तरेकडून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजून १२७ अंश दिशा आणि क्षितिजापासून ६० अंश उंची येते. डिश टीव्हीला १२५ आणि ५९, डीटूएचला १३७ आणि ६५, टाटा प्लेला १४९ आणि ६८, एअरटेलला ११२ आणि ४६. रत्नागिरी, दापोली करत अलिबागपर्यंत वर गेलात तरी दिशा आणि उंची यांत दोन-तीन अंशांचाच फरक पडतो. अलिबागला फ्री डिशचे आकडे १३० आणि ५८ होतात.

म्हणजे सगळ्या छत्र्या पूर्व आणि दक्षिण यांच्या मधे, सह्याद्रीच्या अंगाला बघणार. किनाऱ्यावरच्या घरी हे पटवून देणं सोपं नसतं. एक आजोबा खळ्यात खुर्ची टाकून माझं काम बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "गो बाय, सगळा मोकळा आभाळ दर्याकडे, आणि तू छत्री डोंगराकडे कित्याक फिरवतंस?" दर्या पश्चिमेला, तिकडे आपल्या कामाचं काही नाही. आणि डोंगराची भीती बाळगू नका. उपग्रह साठ अंशांवर आहे, तिथपर्यंत सह्याद्री पोचत नाही. माड मात्र पोचतो.

माड, पोफळी आणि जागा

जागा निवडताना सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. छत्रीच्या पातळीपासून झाडाचा शेंडा किती उंच आहे त्याचा अंदाज घ्या. फ्री डिश आणि डिश टीव्हीसाठी त्या उंचीच्या सहा-दशांश इतकं अंतर झाड आणि छत्री यांच्यात हवं. शेंडा पंधरा मीटर वर असेल तर किमान नऊ मीटर. टाटा प्लेचा उपग्रह जास्त माथ्यावर असल्याने सहा-साडेसहा मीटरवर भागतं. एअरटेलला मात्र जवळजवळ झाडाच्या उंचीइतकंच अंतर लागतं, म्हणून दाट बागायतीच्या घरांना मी ते सुचवत नाही. त्याची वाट तिरकी असल्याने ढगांखालच्या पावसातूनही ती पाचव्या हिश्शाने जास्त लांब जाते.

यात झाडाची वाढ धरा. आज वाट मोकळी आहे म्हणून लावलेल्या छत्रीसमोर चार-पाच वर्षांत तरणा माड उभा राहतो. तो आडवा येतोय याची खूण ठरलेली आहे. सकाळी वारा नसताना टीव्ही व्यवस्थित, दुपारी दर्यावरून वारा सुटला की चित्र थांबत-थांबत चालतं, संध्याकाळी पुन्हा ठीक. झावळी हलते तशी ती मधे येते-जाते. असं होत असेल तर छत्रीच्या नटांना हात लावू नका. झावळ्या उतरवून घ्या नाहीतर छत्रीची जागा बदला. आणि माडाच्या थेट खाली तर छत्री नकोच. या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटर असते. त्यामुळे नारळ पडून पत्र्याला दोन-तीन मिलिमीटरचा पोचा आला तरी सिग्नल एका जागी जमेनासा होतो. हाताने ठोकून सरळ केलेल्या छत्रीवर एचडी भरवशाचं चालत नाही.

वाट मोकळी आहे का, हे तपासायला वर्षातून दोनदा सूर्यच मदतीला येतो. १३ मार्च आणि ३० सप्टेंबरच्या आसपासचे काही दिवस सूर्य रोज थोडा वेळ उपग्रहाच्या बरोबर मागे असतो. आपल्या किनाऱ्यावर फ्री डिशसाठी ती वेळ सकाळी अकराच्या आगेमागे येते, टाटा प्लेसाठी बाराच्या जवळ, एअरटेलसाठी दहाच्या. त्या वेळी छत्री ठेवायच्या जागेवर जाऊन उभे राहा. तुमच्या अंगावर लख्ख ऊन असेल तर वाट मोकळी. झावळीची सावली असेल तर तीच झावळी सिग्नलही अडवणार. आधीच छत्री असलेल्या घरांमध्ये याच दिवसांत, याच वेळी टीव्ही काही मिनिटं जातो, कारण सूर्याचा रेडिओ गोंगाट थेट छत्रीत शिरतो. तो आपोआप परत येतो. तेवढ्यासाठी मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नका.

आता उंचीबद्दल. छत्री जितकी उंच तितका सिग्नल चांगला, ही समजूत जुन्या अँटेनाच्या काळातली. छत्तीस हजार किलोमीटरवरून येणाऱ्या लहरीला तुमचे वीस फूट जाणवतसुद्धा नाहीत. वाट मोकळी असेल तर खळ्याच्या कोपऱ्यात किंवा परसात, कमरेच्या उंचीवर लावलेली छत्री सगळ्यात उत्तम. शिडीशिवाय पुसता येते, नट तपासता येतात, वाऱ्याचा माराही कमी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेलं तेव्हा आमच्याकडे कौलांवरच्या छत्र्या कौलं घेऊन उडाल्या. खाली काँक्रीटमध्ये रोवलेल्यांना फार तर थोडं सरळ करावं लागलं.

खांब

दोन इंची जीआय पाइप घ्या, दोन फूट खड्ड्यात काँक्रीट करून रोवा, आणि काँक्रीट ओलं असतानाच दोन बाजूंनी ओळंबा लावून पाइप सरळ करा. या पायरीला लोक हसतात. पाइप तिरका असला की छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही नकळत बदलते, आणि मग तुम्ही एक कोन धरता तोवर दुसरा हातातून निसटलेला असतो. गवंड्याकडून ओळंबा मागून आणा.

भिंतीलाच लावायची असेल तर चिऱ्याचा स्वभाव लक्षात घ्या. जांभा भुसभुशीत. ड्रिल मारून प्लॅस्टिकची गिट्टी आणि स्क्रू बसवला तर पहिल्या पावसाळ्यात भोक मोठं होतं आणि छत्री डुलायला लागते. आरपार बोल्ट घाला, आतून-बाहेरून लोखंडी पट्टी द्या. ते जमणार नसेल तर भिंतीचा नाद सोडा. गडग्यावर तर लावूच नका, तिथे चिरे नुसते एकमेकांवर ठेवलेले असतात.

नेम धरणं

मोबाइलमधलं होकायंत्र चालतं. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात एखाद-दुसऱ्या अंशाचाच फरक आहे, तो सोडून द्या. पण फोन लोखंडी पाइपजवळ किंवा पत्र्याच्या शेडखाली धरलात तर तो काहीही दाखवेल. पाच-सहा पावलं मागे या, तिथून १२७ अंश बघा, त्या रेषेत लांबचं एखादं झाड किंवा घराचा कोपरा हेरून ठेवा, आणि छत्री त्या खुणेकडे फिरवा.

उंचीच्या कोनात बरेच जण फसतात, कारण आपली छत्री तिरक्या वाटीची असते. तिचा एलएनबी, म्हणजे सिग्नल झेलणारा डबा, मधोमध नसतो, खालच्या बाजूने पुढे आलेला असतो. त्यामुळे छत्रीचं तोंड जिकडे दिसतं त्याच्या वीस ते पंचवीस अंश वर ती बघत असते. साठ अंशांसाठी छत्री उभ्या रेषेपासून फक्त छत्तीस अंशांच्या आसपास मागे झुकलेली दिसेल. मागच्या पट्टीवर कोनाचे आकडे असतील तर ते बहुधा हा फरक धरूनच छापलेले असतात, सरळ ६० वर लावा. आकडे गंजून गेले असतील तर छत्रीच्या वरच्या काठावरून ओळंबा सोडा. दोरा खांबाला अडला तर जरा बाजूला धरा. ६५ सेंटीमीटर उंचीच्या छत्रीत दोरा आणि खालचा काठ यांतलं आडवं अंतर ३८ सेंटीमीटरच्या जवळपास आलं पाहिजे. ही झाली सुरुवातीची जागा.

पुढचं काम सावकाशीचं. टीव्हीवर सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थकडे बघून भुलू नका. एलएनबीला नुसती वीज मिळाली तरी ती पट्टी चढते. आपल्याला क्वालिटी हवी. पूर्वी एक माणूस छपरावर आणि एक टीव्हीपाशी, मधे आरडाओरडा, "इला?" "नाय!" आता फोन टीव्हीसमोर टेकवून व्हिडिओ कॉल लावा. छत्री एका वेळी बोटभरच हलवा आणि तीन-चार सेकंद थांबा, बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. भराभर फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह पुन:पुन्हा मागे पडतो.

फ्री डिश लावताना एक खास अडचण येते. ९१.५ वर मीसॅट, ९३.५ वर जीसॅट-१५ आणि ९५ वर डिश टीव्हीचा एसईएस-८, असे शेजारी-शेजारी बसलेले आहेत. साठ सेंटीमीटरच्या छत्रीचा झोत साधारण तीन अंशांचा, म्हणजे तिला एकाच वेळी शेजारीही दिसतात. सॅटफाइंडर म्हणजे सिग्नल शोधायचं हातातलं यंत्र, आणि स्वस्तातला सुईचा सॅटफाइंडर कुठल्याही उपग्रहावर पिंपिं करतो. म्हणून फाइंडर वाजला, स्ट्रेंग्थ भरली आणि क्वालिटी शून्य, असं झालं तर तुम्ही बहुतेक शेजाऱ्याच्या दारात आहात. अगदी थोडं अलीकडे-पलीकडे करून बघा.

क्वालिटी आली की लगेच आवळू नका. छत्री डावीकडे नेत राहा, क्वालिटी ठरावीक आकड्यापर्यंत उतरली की खांबावर पेन्सिलीने खूण करा. मग उजवीकडे न्या, तोच आकडा आला की दुसरी खूण. छत्रीची जागा दोन्ही खुणांच्या बरोबर मधे. उंचीसाठीही तसंच करा. कमाल आकडा शोधत बसण्यापेक्षा ही पद्धत बिनचूक, कारण माथ्यावर पट्टी सपाट असते आणि आकडा बदलत नाही, उतारावर मात्र चटकन बदलतो. त्यानंतर एलएनबी त्याच्या पकडीत थोडा-थोडा फिरवा. उभ्या आणि आडव्या लहरी वेगळ्या ओळखण्यासाठी तो ठरावीक तिरका हवा. हे करायला लोक विसरतात आणि इथेच एचडीचा सिग्नल वाया जातो. शेवटी नट आवळताना एक बाजू पूर्ण घट्ट करून दुसरीकडे जाऊ नका, आलटून-पालटून थोडे-थोडे आवळा, नाहीतर आवळतानाच छत्री सरकते. आवळून झाल्यावर क्वालिटी पुन्हा वाचा.

गोणपाटाची परीक्षा

आता बेगमी किती झाली ते मोजायचं. एक गोणपाट पाण्यात बुडवून, पिळून, छत्रीच्या उजव्या किंवा डाव्या अर्ध्या भागावर पसरा. एलएनबीसमोर येऊ देऊ नका. पाणी या लहरी खातं, त्यामुळे अर्धी छत्री बाद होते आणि सिग्नल साधारण पाव हिश्श्यावर, म्हणजे सहा डेसिबलने खाली येतो. घरात एचडी चॅनल लावलेलं असू द्या, आणि एकावर थांबू नका, चार-पाच वेगवेगळी एचडी चॅनलं फिरवून बघा, कारण सगळी उपग्रहावरच्या एकाच ट्रान्सपाँडरवरून, म्हणजे सिग्नल खाली पाठवणाऱ्या यंत्रावरून, येत नाहीत. सगळी चालू राहिली तर छत्री चांगली बसली आहे. एखादंसुद्धा अडकलं तर नेम पुन्हा धरा. पुन्हा धरूनही अडकलं तर मोठी छत्री घ्या.

साठऐवजी नव्वद सेंटीमीटरची छत्री म्हणजे सव्वादोन पट क्षेत्रफळ, साडेतीन डेसिबल जास्त. आपल्याकडच्या पावसाला माझं मत नव्वदच्या बाजूने आहे. तिला वाराही सव्वादोन पट लागतो, म्हणून ती खांबावरच, कौलावर नाही. तिचा झोत दोन अंशांचा, नेम जास्त काटेकोर धरावा लागतो. त्या बदल्यात शेजारचे उपग्रहही कमी त्रास देतात.

खारं वारं

घाटावर दहा वर्षं टिकणारी छत्री इथे दर्याकाठी त्याच्या निम्म्यानेही टिकत नाही. नट-बोल्ट स्टीलचे घ्या, पैसे जास्त लागले तरी. बाकी लोखंडाला रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट. सांध्यांना बोटीवाले वापरतात ते ग्रीस. पण सगळ्यात आधी मरतो तो एलएनबीवरचा कनेक्टर. तिथे खारं पाणी शिरतं, तांब्याची तार हिरवी पडते, आणि बॉक्सकडून जाणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीज एलएनबीपर्यंत धड पोचत नाही. या दोन व्होल्टेजवरूनच एलएनबी उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या ते ठरवतो. म्हणून तार गंजली की बरेचदा अर्धी चॅनलं जातात आणि अर्धी राहतात. असं दिसलं तर छत्री न हलवता आधी कनेक्टर उघडून बघा.

केबल आरजी-६, आतली तार भरीव तांब्याची. कनेक्टर बसवल्यावर स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप गच्च गुंडाळा, साधा काळा इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटतो. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल आणि भिंतीत जाणार नाही. केबल तीस मीटरच्या आत ठेवा. मधे जोड नको. दोन टीव्हींसाठी साधा स्प्लिटर लावू नका, एक बॉक्स १३ मागतो, दुसरा १८, आणि भांडणात दोघांचीही चॅनलं जातात. त्यासाठी दोन तोंडांचा एलएनबी मिळतो.

आणि पाऊस लागू नये म्हणून एलएनबीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. ती काढा. पिशवीवर थेंब बसून राहतात, म्हणजे एलएनबीच्या तोंडावर कायमचा पाऊस. एलएनबीचं टोपण मुळात पाणी न शिरणारंच असतं. ते तडकलं असेल तर एलएनबी बदला.

घरातलं

हा भाग छोटा आहे पण हमखास चुकतो. एचडी बॉक्स, एचडी पॅक, मोठा टीव्ही, आणि दोघांच्या मधे लाल-पिवळी-पांढरी वायर. त्या वायरीतून एचडी जातच नाही. एचडीएमआय वायर लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय निवडा. गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी "गावाक चित्र पुसट दिसता" म्हणतो, त्यातली कितीतरी प्रकरणं मी छत्रीकडे न बघता एका वायरीवर मिटवली आहेत. फ्री डिशचा जुना एमपीईजी-२ बॉक्स असेल तर त्यावर एचडी कधीच दिसणार नाही, एमपीईजी-४ चा घ्यावा लागेल.

तरीही टीव्ही गेला तर

या लहरी १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. रिमझिम आणि झड त्यांना फारशी अडवत नाही. मोठ्या थेंबांची, ढगफुटीसारखी सर आली की नव्वदची छत्रीही गप्प बसते. दहा-पंधरा मिनिटं वाट बघा, चहा घ्या. सर गेल्यावरही तासभर चित्र आलं नाही तर शोध घ्या. सगळ्या वाडीतला एकाच कंपनीचा टीव्ही गेलेला असेल आणि आपल्याकडे आभाळ मोकळं असेल, तर बिघाड वर पाठवणाऱ्या केंद्रातला असू शकतो. फ्री डिशचा सिग्नल दिल्लीत तोडापूरहून वर जातो आणि जोराचा पाऊस तिथेही पडतो. फक्त तुमच्याकडेच गेला असेल तर आधी रिचार्ज, मग कनेक्टर, मग झाड, आणि सगळ्यात शेवटी छत्रीचा नेम, या क्रमाने बघा. लोक नेमके उलट्या क्रमाने जातात आणि बसलेली छत्री हलवून ठेवतात.

मे महिन्यातल्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा फार. कडकडाट सुरू झाला की बॉक्सचा प्लग काढा आणि केबलही बॉक्सपासून सोडवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. खांबाला अर्थिंग करून घ्या. छत्री लावताना किंवा काढताना पाइप आडवा धरून सर्व्हिस वायरच्या जवळून जाऊ नका.

माकडांवर उपाय नाही. एलएनबीच्या दांड्याला लोंबकळणं हा त्यांचा आवडता खेळ आहे आणि काटेरी तार गुंडाळली तरी ती ऐकत नाहीत. म्हणून सगळं आवळून, गोणपाटाची परीक्षा घेऊन झाली की एक डबी ऑइल पेंट आणि बारीक ब्रश घ्या. खांब आणि छत्रीची पकड या दोघांवरून जाणारी एक सलग रेघ ओढा. दुसरी रेघ उंचीच्या पट्टीवर, तिसरी एलएनबी आणि त्याच्या पकडीवर. वादळाने, माकडाने किंवा घरातल्या कुणी "जरा बघतंय" म्हणून छत्री हलवली की रेघा तुटलेल्या दिसतील. त्या पुन्हा जुळवल्या की तुमचा तुम्हालाच, मला न बोलावता, सिग्नल मिळेल. रंग पांढरा किंवा पिवळा घ्या, गंजावर लाल रेघ दिसत नाही.